वाळवंटातील अजगर आणि त्याचे बीळ
वोमा सर्पाच्या गृहसंगोपनाविषयी काही विचार

वाळवंटातील प्राण्यास जगण्यासाठी काय लागते, असा प्रश्न केला तर बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते : भरपूर ऊन, कोरडी हवा आणि वाळू. हे उत्तर वरकरणी बरोबर दिसते. परंतु केवळ त्याच्यावर विसंबून जो कोणी वाळवंटी सर्प घरात पाळील, त्याच्या हातून त्या सर्पाचे हाल झाल्यावाचून राहणार नाहीत. कारण वाळवंटातील सर्प हा वाळवंटाच्या उष्णतेवर जगत नसतो. तो ती उष्णता चुकवून जगत असतो. दिवसातील कोणत्या वेळी बिळाबाहेर यावयाचे आणि कोणत्या वेळी आत जावयाचे, ही निवड त्याच्या हाती असते आणि तीच त्याच्या जीविताचा आधार होय. पेटीत कोंडलेल्या सर्पाकडून आपण नेमकी हीच निवड हिरावून घेतो. ती त्यास परत कशी द्यावी, हा संगोपनाचा मुख्य प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियातील वोमा ह्या अजगराच्या उदाहरणाने त्याचा विचार करावयाचा आहे.

प्राण्याचा परिचय

आपल्याकडील अजगर दाट झाडीत, पाणवठ्याच्या आसऱ्याने राहणारा, थोराड अंगाचा प्राणी आहे. वोमा त्याच्याच कुळातील असला तरी त्याची राहणी निराळी आहे. ऑस्ट्रेलिया खंडाच्या अंतर्भागातील रुक्ष प्रदेश, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलिया, नॉर्दर्न टेरिटरी व दक्षिण ऑस्ट्रेलिया यांतील वाळूचे व काटेरी गवताचे मैदान, आणि क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्स यांचा कोरडा भाग, हे त्याचे घर. त्याचे शास्त्रीय नाव ॲस्पिडाइटीज रॅमझेयी असे आहे. विल्यम जॉन मॅक्ले यांनी १८८२ साली ह्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि सिडनी येथील ऑस्ट्रेलियन संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड पिअर्सन रॅम्झे यांचे नाव तिला दिले. अर्थात त्या भूमीतील मूळच्या लोकांस हा सर्प त्यापूर्वी किती तरी पिढ्या ठाऊक होता. उलुरूच्या प्रचंड शिळेभोवती राहणाऱ्या आनांगु लोकांच्या परंपरेत कुनिया ही वोमा सर्पाच्या रूपातील आद्य स्त्री असून, लिरू ह्या विषारी सर्पांशी झालेल्या तिच्या झगड्याच्या खुणा ते लोक त्या शिळेवर आजही दाखवितात.

पूर्ण वाढलेला वोमा सामान्यतः दीड मीटरच्या आसपास लांब असतो. काही दोन मीटरांहूनही अधिक वाढतात. अंगाचा रंग पिवळसर, तपकिरी किंवा तांबूस असून त्यावर गडद आडवे पट्टे असतात. डोके अरुंद व मानेपासून जेमतेम वेगळे ओळखू येईल असे असते, आणि ह्या डोक्याचा उपयोग तो फावड्याप्रमाणे करतो. वाळूत तोंड खुपसून, मान वाकवून तो माती मागे ओढतो व असे पुनःपुन्हा करून बीळ मोठे करतो. घोरपडींची व लहान सस्तन प्राण्यांची बिळे आणि पोकळ ओंडके हे त्याचे नेहमीचे आश्रयस्थान.

बहुतेक अजगरांच्या ओठांवरील खवल्यांत उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. त्यांच्या साहाय्याने अंधारातही उष्ण रक्ताचे भक्ष्य त्यांना उमगते. वोमाच्या ओठांवर अशा खाचांची ओळ नसते. त्याच्या भक्ष्यात सरडे व अन्य सर्प, त्यांत विषारी सर्पही, मोठ्या प्रमाणावर असतात, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. उंदरासारखे सस्तन प्राणी व जमिनीवरील पक्षीही तो खातो. अरुंद बिळात भक्ष्याभोवती वेटोळे घालावयास जागा नसते. अशा वेळी तो आपल्या अंगाचा एक पीळ भक्ष्यावर टेकवून त्यास बिळाच्या भिंतीशी चिरडतो. ह्या रीतीत भक्ष्याचे तोंड मोकळे राहते व ते उलटून चावते. म्हणून रानातील प्रौढ वोमाच्या अंगावर पुष्कळदा जुन्या जखमांचे वण दिसतात.

बिळातील हवामान

सर्पाच्या शरीरात सस्तन प्राण्यांप्रमाणे उष्णता निर्माण करून ती एका ठरावीक अंशावर राखण्याची सोय नसते. अन्नाचे पचन, रोगाचा प्रतिकार, स्नायूंची हालचाल ह्या सर्व क्रिया बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असतात. म्हणून सर्प ऊब हवी तेव्हा उबेकडे जातो आणि नको तेव्हा तिच्यापासून दूर होतो. वाळवंटात उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या वाळूचे तापमान ६० अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकते. अशा वाळूवर कोणताही सर्प फार वेळ जिवंत राहणार नाही. परंतु पृष्ठभागापासून जसजसे खाली जावे तसतशी दिवसाची तलखी आणि रात्रीचा गारठा दोन्ही ओसरतात. मातीचा थर उष्णतेचे आंदोलन शोषून घेतो आणि बिळाच्या तळाशी दिवसरात्र जवळजवळ एकसारखे हवामान राहते.

दुसरी गोष्ट आर्द्रतेची. बिळाच्या बंदिस्त हवेत मातीतील व प्राण्याच्या श्वासातील ओल साठून राहते. त्यामुळे आतील हवा बाहेरच्या मानाने पुष्कळ दमट असते. सर्पाच्या शरीरातील पाणी त्वचेवाटे व श्वासावाटे सतत उणे होत असते. बिळात ही घट मंदावते. तात्पर्य, वाळवंटात राहणारा वोमा प्रत्यक्षात आयुष्याचा मोठा भाग अशा हवेत काढतो, जी वाळवंटाच्या हवेसारखी मुळीच नसते. म्हणून पाळणाऱ्याने आपल्या घरात वाळवंट उभारावयाचे नसून बीळ उभारावयाचे असते. पुढील सर्व सूचना ह्या एका विधानाचा विस्तार आहेत.

पेटीची रचना

पेटीची लांबी सर्पाच्या लांबीपेक्षा कमी नसावी. त्यास अंग सरळ पसरता आले पाहिजे. दीड मीटर लांबीच्या सर्पास दीड मीटर लांब व सुमारे ६० सेंटिमीटर रुंद पेटी पुरेशी होईल. उंचीपेक्षा तळाच्या क्षेत्रफळास महत्त्व अधिक, कारण हा सर्प झाडावर चढणारा नव्हे. हवा खेळण्यास जाळीची व्यवस्था असावी आणि झाकणास कुलूप असावे. जेथून डोके जाते तेथून सर्प हळूहळू सगळाच जातो, हा अनुभव अनेक पाळणाऱ्यांनी घेतलेला आहे.

पेटीच्या एका टोकास ऊब आणि दुसऱ्या टोकास गारवा, अशी तापमानाची उतरण साधणे ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उबेच्या टोकास शेकण्याच्या जागेचे तापमान ३२ ते ३५ अंश आणि गार टोकास २४ ते २६ अंश असावे. रात्री ते काही अंशांनी उतरले तरी बिघडत नाही. निसर्गातही ते उतरतेच. दोन्ही टोकांस स्वतंत्र तापमापक ठेवावेत. हाताला जे कोमट वाटते त्यावर विश्वास ठेवू नये. उष्णता देणाऱ्या प्रत्येक उपकरणास थर्मोस्टॅट जोडलेला असलाच पाहिजे. सर्पाच्या पोटाकडील त्वचा भाजत असतानाही तो तेथून वेळेवर हलेलच, अशी खात्री देता येत नाही; त्यामुळे विजेवर तापणाऱ्या बनावट दगडांनी अनेक सर्पांस गंभीर इजा झाल्या आहेत.

उष्णता कोठून द्यावी, ह्या प्रश्नाचे उत्तरही बिळानेच दिले आहे. निसर्गात उष्णता वरून, सूर्याकडून येते आणि सर्प खाली गेला की त्यास गारवा मिळतो. पेटीच्या तळाखाली तापणारी गादी ठेवली तर हा क्रम उलटा होतो. सर्प उष्णता टाळण्यासाठी मातीत शिरतो आणि अधिकच तापलेल्या जागी जाऊन पोहोचतो. त्याची उपजत बुद्धी त्यास संकटाकडे नेते. यास्तव खणणाऱ्या सर्पास वरून दिव्याने उष्णता द्यावी, आणि तो दिवा जाळीने असा झाकावा की सर्प त्यास वेढा घालू शकणार नाही. दिवसाचे सुमारे १२ तास प्रकाश व उरलेले तास पूर्ण अंधार असावा.

तळाचा थर खणता येईल इतका, निदान १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा असावा. नारळाच्या काथ्याचा भुगा, अथवा माती व वाळू यांचे घट्ट दाबलेले मिश्रण चालते. केवळ सुटी, बारीक वाळू वापरू नये. तिच्यात बीळ टिकत नाही, आणि भक्ष्यास चिकटून ती पोटात गेल्यास आतड्यात साठून अडथळा होण्याचा संभव असतो. देवदारवर्गीय सुगंधी लाकडाचा भुसाही वर्ज्य, कारण त्यातील तेले सर्पाच्या श्वसनमार्गास अपायकारक आहेत. लपण्याच्या जागा दोन असाव्यात, एक उबेच्या टोकास व एक गार टोकास. एकच ठेवल्यास सर्पास सुरक्षितता आणि योग्य तापमान यांपैकी एकाचा त्याग करावा लागतो, आणि भेदरलेला सर्प बहुधा तापमानाचा त्याग करतो.

पिण्याचे पाणी सदैव असावे. ‘वाळवंटी प्राण्यास पाणी कशाला’ हा युक्तिवाद घातक आहे. मात्र भांडे लहान असावे व गार टोकास ठेवावे, नाहीतर सगळी पेटी दमट होऊन श्वसनाचे विकार उद्भवतात. एकंदर पेटी कोरडी, पण तिच्यात एक दमट कोपरा, अशी योजना करावी. ओलसर शेवाळ भरलेला एक झाकणाचा डबा, त्यास सर्प आत जाईल एवढे भोक पाडून ठेवला, की बिळातील ओलाव्याची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. सर्पास कात टाकण्याच्या सुमारास ह्या जागेची विशेष गरज भासते.

आहार

पाळलेल्या वोमास आधी मारून गोठविलेले व नंतर पूर्णपणे विरघळवून कोमट केलेले उंदीर द्यावेत. जिवंत उंदीर देणे दोन्ही प्राण्यांच्या दृष्टीने क्रूरपणाचे आहे. कोंडीत सापडलेला उंदीर सर्पास खोल जखमा करतो. भक्ष्याची जाडी सर्पाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फारशी अधिक नसावी. पिलास ७ ते १० दिवसांनी आणि प्रौढास दोन ते चार आठवड्यांनी एकदा अन्न पुरे होते. नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली काही पिले उंदीर नाकारतात, कारण त्यांचे नैसर्गिक भक्ष्य बव्हंशी सरडे हे असते. अशा वेळी उंदरास सरड्याचा वास लावण्याची युक्ती योजावी लागते.

प्रौढ वोमाची भूक मात्र अनावर असते आणि हीच पाळणाऱ्याची खरी परीक्षा. दुष्काळी प्रदेशात वाढलेल्या ह्या जातीस, समोर आलेले अन्न सोडू नये, असेच निसर्गाने शिकविले आहे. पेटीत दुष्काळ येत नाही. दर वेळी तो भुकेला दिसतो म्हणून दर वेळी खाऊ घातल्यास त्याच्या अंगी मेद साचतो, यकृत बिघडते आणि आयुष्य घटते. उंदराचा वास लागलेला हात त्यास भक्ष्यच वाटतो. म्हणून हात धुऊन, प्रथम लांब आकड्याने अंगास हलकेच स्पर्श करून मगच त्यास उचलावे. ‘ही वेळ खाण्याची नव्हे’ हे तो लवकरच ओळखू लागतो. जेवणानंतर निदान दोन दिवस त्यास मुळीच हाताळू नये. एका पेटीत दोन वोमा कदापि ठेवू नयेत. जो सर्प सर्पभक्षक आहे, त्याच्याबाबतीत सोबतीची कल्पना माणसाची असते, सर्पाची नव्हे.

प्रकृतीची चिन्हे

सर्प ओरडत नाही, लंगडत नाही, दुखणे चेहऱ्यावर दाखवीत नाही. त्याचे आजारपण बारीक चिन्हांवरून ओळखावे लागते, आणि म्हणून नोंदवही हे संगोपनाचे अत्यावश्यक साधन होय. खाल्ल्याची, शौचाची, कात टाकल्याची व वजनाची तारीखवार नोंद ठेवली, तर बिघाड लवकर ध्यानात येतो. कात सलग, एका पिशवीसारखी उतरली पाहिजे. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली किंवा डोळ्यांवरील पारदर्शक खवला तसाच चिकटून राहिला, तर हवा फार कोरडी आहे असे समजावे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासाचा घरघर आवाज, तोंडात बुडबुडे वा चिकट स्राव ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे होत. गिळलेले भक्ष्य ओकल्यास प्रथम तापमान तपासावे. ऊब अपुरी असेल तर अन्न पचण्यापूर्वीच पोटात कुजू लागते. असे झाल्यास दोन आठवडे तरी पुन्हा अन्न देऊ नये. खवल्यांच्या फटीत बारीक काळे ठिपके हलताना दिसले, तर ते रक्त शोषणारे परोपजीवी जीव असतात. ह्या सर्व प्रसंगी घरगुती उपचारांत वेळ न दवडता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. नव्याने आणलेला सर्प घरातील अन्य सर्पांपासून तीन महिने स्वतंत्र खोलीत ठेवावा, कारण अजगरवर्गातील काही विषाणुजन्य रोगांवर आजही उपाय नाही. सर्पाच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू माणसास बाधू शकतात; तेव्हा प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत, आणि घरात लहान मूल असल्यास विशेष दक्ष राहावे.

परतीची वाट

नीट सांभाळलेला वोमा वीस वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे कुमारवयात हौसेने आणलेला सर्प पाळणाऱ्याचे शिक्षण, नोकरी, विवाह आणि स्थलांतर ह्या सर्वांचा साक्षी होतो. मग पुष्कळांच्या मनात एक सोयीस्कर विचार येतो : सांभाळणे जड गेले तर रानात सोडून देऊ. हा विचार किती फसवा आहे, हे एका शास्त्रीय प्रयोगाने दाखवून दिले आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉक्सबी डाउन्सजवळ ‘ॲरिड रिकव्हरी’ नावाचे एक कुंपण घातलेले संरक्षित क्षेत्र आहे. परदेशातून आलेली मांजरे व कोल्हे तेथून हटविण्यात आले आहेत. त्या प्रदेशातून नाहीशा झालेल्या वोमाचे पुनर्वसन करण्याच्या हेतूने २००७ साली बंदिवासात जन्मलेले दहा वोमा तेथे सोडण्यात आले व रेडिओ-प्रेषकांच्या साहाय्याने त्यांचा माग ठेवण्यात आला. अधिवास योग्य होता, भक्ष्य होते, परके शत्रू नव्हते. तरीही चार महिन्यांच्या आत दहाच्या दहा सर्प मरण पावले. मल्गा नावाच्या स्थानिक विषारी सर्पाने त्यांना मारल्याचे काहींच्या बाबतीत सिद्ध झाले आणि उरलेल्यांच्या बाबतीत तसेच अनुमान निघाले. ज्या जातीचा प्रौढ सर्प रानात विषारी सर्पांस खातो, त्याच जातीचे हे सर्प विषारी सर्पाच्या भक्ष्यस्थानी पडले.

ह्या प्रयोगातून पाळणाऱ्याने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. तज्ज्ञांनी निवडलेल्या जागी, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीही जे साधले नाही, ते एखाद्या हौशी मनुष्याने रस्त्याकडेच्या झाडीत सर्प सोडून साधणार नाही. सर्प परक्या देशातील असेल तर त्याच्या मृत्यूखेरीज आणखीही भय आहे : तो जगला, तर तेथील प्राण्यांस धोका होईल. तात्पर्य, पेटीत जन्मलेल्या सर्पास परतीची वाट नाही. त्याच्या दृष्टीने पेटी हीच सगळी पृथ्वी. ती चांगली असावी की वाईट, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे.

आपल्या देशातील स्थिती

ऑस्ट्रेलियात सर्प पाळण्यासाठी त्या त्या राज्याचे नियम पाळावे लागतात व परवाना घ्यावा लागतो. तेथील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जिवंत निर्यातीचा व्यापार कायद्याने बंद आहे. वोमासह सर्व अजगरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. भारतात देशी अजगर अथवा अन्य कोणताही देशी सर्प घरी पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ह्या कायद्याने निषिद्ध आहे. त्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, साइट्सच्या परिशिष्टांत नोंदलेला परदेशी प्राणी ज्याच्याजवळ असेल त्याने त्याची नोंदणी करणे आवश्यक झाले आहे. तेव्हा प्रस्तुत लेख सर्प पाळण्याचे आमंत्रण आहे, असा कोणी समज करून घेऊ नये.

मग मराठी वाचकास ह्या विवेचनाचा उपयोग काय? दख्खनच्या कोरड्या माळांवर वोमासारखेच मातीत राहणारे, निर्विष आणि निरुपद्रवी असे मांडूळ आपल्याकडे आहे. ते अजगराच्या कुळातील नसले तरी त्याचे जीवनही बिळावरच आधारलेले आहे. गुप्तधन दाखविते, भाग्य उजळते अशा भ्रामक समजुतींपायी त्याची चोरटी विक्री होते आणि अनेक मांडुळे पोत्यांत व डब्यांत कोंडून नेली जातात. त्या पोत्यात ऊब नसते, गारवा नसतो, ओल नसते आणि निवडही नसते. वोमाच्या पेटीसंबंधी वर जे सांगितले ते ज्याने मनापासून वाचले असेल, त्यास ह्या दुतोंड्या म्हणविल्या जाणाऱ्या गरीब प्राण्यावर काय गुदरत असेल याची कल्पना सहज करता येईल. त्यास घरात आणण्याने त्याचे रक्षण होणार नाही. त्याच्या माळावरील त्याचे बीळ अबाधित राहू द्यावे, यापेक्षा उत्तम संगोपन त्याच्या बाबतीत दुसरे नाही.